सायलीच्या डोक्यातली बुरशी

१० नोव्हें., सोम.
सायलीचं डोकं आजही दुखतंय. बारा दिवस झाले. म्हटलं, तो मोबाइल खाली ठेव.
"आजी, तुझ्या वेळी डोकी दुखायचीच नाहीत का?"
दुखायची. सांगायला वेळ नव्हता.
तिचा ल्युपस, तो सांधे धरणारा जुना आजार, परत उचल खातोय. चैत्रात सांधे सुजले तेव्हा डॉक्टरीणबाईने स्टिरॉइडच्या एका गोळीच्या दोन केल्या, नि पोर चार दिवसांत उठून बसली. म्हणून मी पण परवापासून दोन देतेय. सुनेला, वंदनाला, बोलले नाही. उगाच कटकट.

१३, गुरु.
ताप. उलट्या. मला म्हणते, "आजी, तू दोन दोन दिसतेस."
म्हटलं, एक पुरत नव्हती?
हसली नाही. तेव्हा वंदनाला हाक मारली. वंदनाने रिक्षा आणली.

१५, शनि. मुलुंड, हॉस्पि.
पाठीत सुई घालून पाणी काढलं. मेंदूच्या आवरणात बुरशी निघाली. बावीस वर्षांची पोर! मी चौथी शिकलेली, पण बुरशी मला माहीत आहे. पापडाला लागते, ओला हात घातला की लोणच्याला लागते. माणसाच्या डोक्यात?
डॉ. म्हणाली, ल्युपसच्या गोळ्यांनी अंगाची राखण ढिली पडते, मग बुरशी श्वासातून आत शिरते.
आणि मी दोन दोन...

१६, रवि.
सांगून टाकलं. डॉ.ला, वंदनासमोर. "गोळ्या मी वाढवल्या."
डॉ. म्हणाली, बुरशी आधीचीच असणार, पण जास्तीच्या गोळ्यांनी तिला जोर मिळाला. सांगितलंत ते बरं केलंत.
वंदनाने दुपारी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "जेवा." एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर घास उतरला असता.

२१, शुक्र.
बुरशीचं औषध शिरेतून चालू. थंडी भरते, दात वाजतात. मी तळवे चोळते. गोळ्यांचं तिला कळलं.
"डॉक्टर आजी, दारावर पाटी कधी लावतेस?"
कार्टी. मी खिडकीकडे तोंड केलं.

२६, बुध.
आज तिसऱ्यांदा पाणी काढलं, बुरशी गेली का बघायला. कोळंबीसारखं वाकवतात पोरीला. गुडघे मी धरले. नजर अजून सुधारली नाही. पण दुधीच्या भाजीवरून भांडली, म्हणजे जीव आहे अंगात.
"आजी, रिपोर्ट वाईट आला तर?"
"तर परत काढतील. मी आहे गुडघे धरायला."
"डोळे मिटून?"
मेली बघत होती तर. म्हटलं, पुढच्या वेळी उघडे ठेवीन.
"पुढची वेळ नको ना गं."
रिपोर्ट शुक्रवारी.