सुंदरीच्या पानातला भात

१९ जून १९९६

काय रे कागदा, विसरलास ना मला? शनिवारी एकटीनं बसून तुला एवढं सांगितलं, आणि आज उघडून बघते तर कोरा करकरीत चेहरा! माझ्या नवऱ्याचंही असंच. सकाळी कॉफी पोटात गेल्याशिवाय बायकोचं नाव आठवायचं नाही.

तर पुन्हा ऐक. मी सरोजा. अक्षरांशी माझं जन्माचं वैर. बोलते मी, लिहिते सून — सुंदरी. नाव बापानं न बघता ठेवलं असणार. त्याची रेल्वेची नोकरी मिरजेला, म्हणून हिला मराठी लिहिता येतं; आमच्यात इथे, कावेरीकाठच्या तमिळ मुलखात, मराठी बोलतात सगळे, वाचायला कोण शिकलंय? डायरी फुकटची, माझ्या लेकाच्या, सुब्रह्मण्याच्या बँकेतली. वाया कशाला घालवायची?

बातमी एकच. सुनेला शुगर निघाली. डॉक्टरीण वासुकी म्हणाली, "जपलं नाही तर डोळे जातील, पाय जातील." मी म्हटलं, मग उरेल काय, जीभ? ती हिला मुळातच नाही.

लिही, लिही. थांबतेस कशाला!

२१ जून

डॉक्टरणीनं चित्र काढून दाखवलं. अर्ध्या पानात भाजी. पाव पानात डाळ, कडधान्य. राहिलेल्या पावात भात — तोही हातसडीचा, नाहीतर बाजरी, नाहीतर केळ्वरगु. "भात सोडू नका हो, भाताचा डोंगर सोडा," म्हणते. पांढऱ्या भाताची रक्तात लगेच साखर होते, कोंड्यासकटचं धान्य सावकाश जिरतं, असं काहीबाही.

केळ्वरगु! म्हणजे मिरजेकडची नाचणी. आमच्या शेतात लावणीच्या बायका मडक्यातून तिची आंबील आणायच्या. चहूकडे कावेरीचं पाणी, घरचा तांदूळ, आणि घरची सून आंबील ओरपणार? मी म्हटलं, "खा बाई खा. रंग तुझ्याशी जुळतो."

हसली नाही. शुगर झाली की विनोदही चालत नाही काय, विचारायला हवं.

२८ जून

केलं हो तिनं सगळं. बीन्सची भाजी, शेवग्याचा पाला घालून डाळ, केळ्वरगुच्या भाकऱ्या. आमच्या घरची रीत अशी — आधी लेक आणि नात, मग मी, आणि सगळ्यांचं आवरलं की सून. लेक म्हणाला, "अम्मा, भाकरी बरी लागते की!" आणि खातच सुटला. नात शांभवी कॉलेजात जाते, कंबर सांभाळते. तिनं भात बाजूला सारून भाजीच घेतली, पुन्हा पुन्हा. मी आपली चव बघितली. चव बघता बघता वाटी संपली.

सुंदरी बसली तेव्हा भात होता. भात आमच्याकडे कधी संपत नाही. भातावर सार, सारावर भात.

"माझं थोडं आधी काढून ठेवू का, आत्याबाई?"

"ठेव की! दारावर पाटीही लाव — इथे सून आधी जेवते!"

नाही ठेवलं.

५ जुलै

लेकानं बायकोसाठी परदेशी मक्याचे पोहे आणले. खोक्यावर पळणारा माणूस. तब्येतीला चांगले म्हणून टीव्हीवर सांगतात! सगळ्यांनी दुधात घालून वर साखर पेरून खाल्ले. सुंदरीला खोकं मिळालं. जिरं ठेवलंय त्यात.

२२ जुलै

पुन्हा रक्त तपासलं. साखर वाढली! डॉक्टरीण चिडली. "भात किती खाता?" सुंदरी खाली बघते. "पोट भरेपर्यंत." "आणि भाजी?" गप्प. "डाळ?" गप्प. "मी काय भिंतीशी बोलते काय?"

बोलायचं तर मला येत होतं. मी बोलले — "तोंड आवरत नाही हो हिला. माहेरची सवय."

मग डॉक्टरणीनं तिला जे झोडपलं! ऑटोत सुंदरी सारा रस्ता बाहेर बघत होती. बाहेर काय, तेच बस स्टँड.

काय लिहिलंस, वाच बघू.

वाचलं. 'तोंड आवरत नाही हो हिला. माहेरची सवय.' जसंच्या तसं! एक शब्द गाळला नाही. मी असते तर गाळला असता.

मीही सून म्हणून अर्धं आयुष्य सगळ्यांच्या मागून जेवले. खरवड खाल्ली. मला का नाही झाली शुगर?

३ ऑगस्ट

काल आडी अठरा, आडी महिन्याचा अठरावा दिवस. नदीच्या नव्या पाण्याची पूजा, तिरुवैयारूला. लिंबाचा भात, चिंचेचा भात, नारळाचा, दह्याचा, गुळाचा — सणच भाताचा. पहाटेपासून एकटीनं रांधलं. घाटाच्या पायऱ्या तापून लाल. आम्ही सावलीत बसलो, ती अनवाणी डबे घेऊन वर-खाली.

घरी येऊन बघते तर पायाची बोटं फोडांनी भरलेली, फुटलेली. म्हणते, "कळलंच नाही, आत्याबाई."

कळलंच नाही! मी पुटपुटले तर हिला मागच्या अंगणात कळतं, आणि तापला दगड कळत नाही. हळद लाव म्हटलं.

"जेवलीस काय?"

"गुळाचा भात. तोच उरला होता."

१२ ऑगस्ट

लिहायला बसली की पाय पदराखाली ओढून घेते. वास येतो. "दाखव," म्हटलं. दोन बोटं काळी.

"दुखतं?"

"नाही."

ह्या 'नाही'वर काय टोमणा मारावा, सुचेना. उद्या सुचेल.

१३ ऑगस्ट

नाही सुचला.

२१ ऑगस्ट

हे अक्षर शांभवीचं. हिंदीच्या परीक्षा दिल्यात, त्या अक्षरांत मराठी लिहिते. सांभाळून घे.

सुंदरीची दोन बोटं कापली. साखर उतरली तर पाय राहील म्हणतात. नाही उतरली तर आणखी वर कापणार.

स्वैपाकाला शेजारची अलमेलु येते. शांभवी, लिहून झालं की तिला तमिळमध्ये नीट सांग — आमची पानं मांडायच्या आधी दवाखान्याचा डबा भरायचा. लेक म्हणाला, "अम्मा, बँकेला उशीर होतोय." बस म्हटलं. उरेल ते मिळेल.

भाजीचा पहिला डाव डब्यात. अर्धा डबा भाजीच. डाळ घट्ट, वरचं पाणी नको. केळ्वरगुची एक भाकरी, गरम. भात ह्या वेळी नकोच, गूळ तर अजिबात नको. आणि डबा देताना सांगायचं, आत्याबाई जेवल्या. पोटभर जेवल्या म्हणावं. नाहीतर ती झाकण उघडणार नाही.