तीन पात्यांचा पंखा

सोइझिक,

जेवायला थांबू नकोस. मी धक्क्याखाली गाळात होडीचा पंखा शोधतोय. दोन पात्यांचा की तीन, यावर मी नि तुझे बाबा अख्खा हिवाळा भांडलो. बसवताना नट सुटू नये म्हणून घालायची पिन तेवढी राहिली. भरती चढत होती, घाई झाली. रिव्हर्स टाकला नि पंखा गळून पडला. पिन खिशात सुखरूप आहे.

सापडला तरी बसवण्याइतकी होडी कोरडी पडेल ती पुढच्या उधाणाच्या ओहोटीला, पंधरवड्यानं. बाबांना डॉक्टर तेवढे दिवस देत नाहीत.

हॉस्पिटलातून बाबांचा फोन आला होता. "काय जावईबापू, तीन पाती कशी चालतात?"

म्हटलं, "लोण्यासारखी."

शुक्रवारी आपल्याच होडीतून बेटावरच्या घरी जायचं, म्हणून त्यांनी दाढी करून घेतली आहे. मला सांगवलं नाही. तू सांग.

ग्वेनाएल