बापूच्या रोख्यांवर माझं नाव

प्रिय बापू,

तब्येत कशी आहे रं? गुडघा तिथं तरी दुखायचा थांबला का? आईला आता नीट दिसतं का, की अजून तांदळात खडे राहतात? आबांचा दमा कसा आहे? आणि आमचे हे? चहात साखर बेतानं घ्या म्हणावं. माझं कधी ऐकलं नाही, तुझं तरी ऐकतील.

इकडे माझी कंबर कुरकुरते, पण गिरणी चालू आहे. तुझ्या संतोषचा खोकला गेला. सूनबाई बरी आहे, धाकटी पोर आता चालते आणि दिसेल ते तोंडात घालते. राहिली तुझी शालन. तिचंच सांगायला आज दळण बाजूला ठेवून बसले आहे.

सकाळी तिचा कडेगावहून फोन आला. “वन्सं, आलं बगा. माझ्या खात्यात,” म्हणाली आणि बँकेचा मेसेज दोनदा वाचून दाखवला. तुझ्या सरकारी रोख्यांचं सहा महिन्यांचं व्याज आज पहिल्यांदा तिच्या नावावर जमा झालं, बापू.

तुला वाटेल, यात काय एवढं? तू गेल्यावर काय काय झालं ते तुला कुठं ठाऊक आहे!

तू पहिल्यांदा रोखे घेतलेस तो दिवस आठवतो का? माझ्या गिरणीच्या कट्ट्यावर बसून, चष्मा कपाळावर सारून, फोन हातभर लांब धरलेलास. मी म्हणाले, पेन्शनीचा पैसा असल्या न दिसणाऱ्या कागदात कशाला घालतोस? तू म्हणालास, “आक्का, हे सरकारला दिल्यालं उसनं हाय. चोवीस वर्षं ज्यानं माझा पगार एकदाबी चुकवला न्हाई, त्ये व्याज चुकवंल व्हय?” मी हसले तुला. मग तुझ्यामागं मीच ते सगळं वाचून वाचून शिकले. चौथी शिकलेली बाई मी, पण पुड्यांच्या कागदावरचंसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही, हे तुला माहीत आहे.

तू मात्र रोज भाव बघायचास. एकदा तोंड पाडून आलास, शंभराचा कागद शहाण्णवला दावतोय म्हणून. विकायचाय का विचारलं, तर नाही म्हणालास. मी म्हणाले, “मग दावणीच्या म्हशीला बाजारात कोण किती म्हणतंय, ते रोज कशाला इचारतोस? दूध देतीया न्हवं?” त्यावर तू असा हसलास, की दळणाला आलेल्या बाया वळून बघायला लागल्या.

आता तुझ्यावरचा राग सांगते. त्या खात्यावर नॉमिनी म्हणून माझं नाव घातलंस आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस!

तेरावा झाल्यावर संतोषनं तुझा फोन उघडला, तेव्हा ते सगळ्यांसमोर कळलं. शालन चहा ठेवते म्हणून आत गेली ती चहा होऊनही बाहेर आली नाही. माझ्याकडं कुणी बघेना, आणि मला मान वर करवेना. तुझ्याच घरात मी चोरासारखी बसले होते, बापू.

दोन दिवसांनी संतोष मलकापूरला आला. कागद तयार करून आणला होता. “आत्ती, सही लागंल,” म्हणाला. अगदी मिठाची वाटी मागावी तसं.

त्याचा तरी काय दोष? आपल्याकडं आत्याची सही अशीच मागतात. आबा गेल्यावर कडेगावच्या कचेरीत मी नाही का जमिनीची हक्कसोड करून दिली? वाचलंही नव्हतं काय लिहिलंय. तू बाहेर उभा होतास, हातात माझ्यासाठी घेतलेली साडी. सगळ्या बहिणी देतात, मीही दिली. वाईट वाटलं नव्हतं म्हटलं तर खोटं होईल. पण भाऊ राहिला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

या वेळी मात्र मी चष्मा लावला. रोखे माझ्या नावावर येताच विकून टाकायचे आणि ते पैसे एका कंपनीच्या रोख्यांत घालायचे, असं त्याच्या मनात होतं. कंपनी व्याज जास्त देते, कुणा मित्रानं सांगितलेलं. मी विचारलं, आणि तुझ्या आईचं काय? तर म्हणाला, “आईला काय कमी हाय? मी हाय की.”

तो आहेच रे. पोरगा वाईट नाही. पण तुझ्या पेन्शनीतलं तिच्या वाट्याचं घरखर्चातच जात होतं; शालनला माहेरी जायचं झालं, तर एसटीच्या अर्ध्या तिकिटालासुद्धा सुनेपुढं उभं राहावं लागत होतं. सून देत होती, तोंडही वाकडं करत नव्हती. तरी मागणं ते मागणंच. रोख्यांचे कागद होईपर्यंत तीनदा माहेरचं बोलावणं आलं, तीनदा शालन गुडघ्याचं निमित्त सांगून घरी राहिली.

एक कबूल करते. सही न करता त्याला परत धाडला, पण पुढचे दोन दिवस मलाही वाटत होतं, की ठेवून घ्यावं. जमिनीच्या बदल्यात भावानं दिलं असं म्हणावं. कराडला वकिलांकडं गेले ते याच आशेनं. त्यांनी सांगितलं, बाई, नाव तुमचं असलं तरी तुम्ही नुसत्या सांभाळणाऱ्या, धन बायकोचं आणि मुलाचं. ऐकून आधी तोंड उतरलं, मग हलकं वाटलं.

मग संतोषला परत बोलावलं आणि तुझं गुपित फोडलं. माफ कर. कंपनीचे रोखे तूही एकदा घेतले होतेस, व्याज महिनोन्‌महिने थकलं, तुला घास गिळेना, आणि शालन तुला पोटाच्या डॉक्टरकडं घेऊन फिरत राहिली, हे सांगितलं. सगळ्या कंपन्या तशा नसतात, तुझे पैसे शेवटी मिळाले, तेही सांगितलं. पण तू वाळलास तो वाळलासच. मला वाटलं संतोष आता उठून जाईल. पण त्यानं विचारलं, “दादांनी मला का सांगितलं न्हाई?”

“त्येला लाज वाटत हुती म्हणून,” मी म्हणाले. “आता तुझ्या आईला तसं वाळू देऊ नगंस.”

आणि बापू, आपल्या घराण्यात कधी झालं नाही ते झालं. संतोषनं आपला हिस्सा आईला सोडून दिला. सही करायच्या आधी त्यानं अक्षर न् अक्षर वाचलं. माझ्यासारखं न वाचता नाही! रोखे आधी माझ्या खात्यात आले, तिथून शालनच्या. विकले नाहीत.

शालन उद्या माहेरी निघाली आहे. स्वतः तिकीट काढणार म्हणते.

तुला शब्द देते. पुढच्या सहा महिन्यांत तिला फोनवर ते खातं स्वतः उघडायला शिकवीन. भाव खाली दिसला तरी घाबरायचं नाही, हेही शिकवीन. मी असेन-नसेन, तिचं अडता कामा नये.

एकच कोडं सुटत नाही. माझं नाव तू कशापायी घातलंस रं? कचेरीतली ती सही तुला टोचत होती म्हणून? की आक्का शालनला वाऱ्यावर सोडणार नाही म्हणून? दोन्हीतलं काहीही असलं तरी मी रागावणार नाही. पण खरं तेच लिही, आणि लवकर लिही. माझंही वय झालं.

तुझी,
आक्का
मलकापूर