फाटलेल्या आवाजाची जागा

प्रिय बाबा,

दिवसभर लोकांचे फोन दुरुस्तीला उघडून बसणारा माणूस स्वतःचा फोन उचलत नाही, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. गावातला माझा कार्यक्रम झाल्यापासून मी रोज फोन करते आणि रोज आत्या उचलते. एकदा तू अंघोळीला गेलेला असतोस, एकदा दुकानात गर्दी असते, मग पुन्हा अंघोळ. आत्याला खोटं बोलता येत नाही हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, तरी तू तिलाच पुढे करतोस. काल ती वैतागून म्हणाली, तुमचं काय ते तुम्ही आपसात बघून घ्या, मला मध्ये घेऊ नका. म्हणून कागद घेऊन बसले आहे. कागद आला की तरी तुला अंघोळीला जाता येणार नाही.

मी बरी आहे. घसा जरा बसलाय, पण तो गाऊन नाही, रडून. आत्याला सांगू नकोस, ती लगेच काढे लिहून पाठवेल. माझ्यासोबत वाजवणाऱ्या ड्रमरला मात्र कळलंय. त्याला सगळंच कळतं, कारण माझ्या भिंतीपलीकडे तो राहतो आणि भिंत नावालाच आहे.

मला वाटतं, मी नक्की काय करते हे मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. हॉटेलात जेवणाऱ्या लोकांसमोर दुसऱ्यांची गाणी गायचे तेव्हा तू निर्धास्त होतास, निदान मुलगी वेळेवर जेवते म्हणायचास. ते सोडून मी स्वतःची गाणी लिहायला लागले तेव्हा तू विचारलंस, या प्रकाराला म्हणतात काय. मी म्हटलं सोल. तू म्हणालास, म्हणजे चपलेचा असतो तो? मी फणकारून म्हटलं, नाही, आत्मा. त्यावर तू शांतपणे म्हणालास, मग आत्म्याला एवढं ओरडावं का लागतं. जन्मल्या दिवशीच माझं नाव भोंगा ठेवणाऱ्या माणसाकडून दुसरं काय ऐकायला मिळणार होतं. पण खरं सांगते, याहून चांगली व्याख्या मला आजवर कुणी सांगितलेली नाही.

माझ्यामागे कंपनी नाही, हे तुला माहीत आहे. गाणं लिहिणारी मी, गाणारी मी, पोस्टर चिकटवणारी मी, हॉलवाल्याशी हुज्जत घालणारी मी आणि सगळे गेल्यावर खुर्च्या एकावर एक रचणारीही मीच. रेकॉर्डिंगही अजून घरातल्या कपाटातच करते. दारं उघडी ठेवायची, कोट आणि रजया टांगायच्या आणि त्यात डोकं खुपसून गायचं, म्हणजे खोलीचा घुमारा येत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात थांबवून हळूच विचारलं होतं की तुमच्या कपाटात कोण रडत असतं. ‘दिव्याखाली’ त्या कपाटातच झालं. ते कुणाबद्दल आहे, हे मी कुठेच सांगितलं नाही. टेबलावरचा दिवा, त्याखाली वाकलेली मान, डोळ्याला लावलेलं भिंग, आणि साऱ्या जगाचे आवाज दुरुस्त करून देणारा, स्वतः मात्र चकार शब्द न काढणारा माणूस. तू ते पहिल्यांदा ऐकलंस आणि एवढंच म्हणालास की शेवटाकडे एका जागी आवाज फाटलाय, तेवढं दुरुस्त करून घे. मी हसले. मी म्हटलं, बाबा, ती जागा मी मुद्दाम ठेवली आहे, या गाण्यात ऐकायचं असतं ते तेच. मग एकदम विचारलंस की हे लोकांनी किती ऐकलं ते तुला कसं कळतं.

आणि मी किती उत्साहाने समजावलं होतं तुला. की ॲपवर सगळं दिसतं, कुठल्या गावात किती वेळा वाजलं तेसुद्धा. अर्धं मिनिट वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. तू विचारलंस, आवाज अगदी बारीक ठेवला तरी? मी म्हटलं, हो, त्या यंत्राला काय कळतंय. तुला माझ्या कामात पहिल्यांदाच एवढा रस वाटला म्हणून मी दिवसभर हवेत होते.

त्यानंतर आपलं गाव वर चढायला लागलं. आधी यादीत खाली कुठेतरी होतं, मग मोठमोठ्या शहरांना मागे टाकत सगळ्यात वर आलं. ड्रमर म्हणाला, तुझ्या गावात पाण्याच्या टाकीत गाणं मिसळतात की काय. मी मात्र हसण्यावारी नेलं नाही. मला शाळेतली ती बाकं आठवली, भोंगा वाजला, भोंगा वाजला म्हणत दप्तरं आपटणारी मुलं आठवली, आणि वाटलं, आता बसलेत ऐकत. रेडिओवरच्या मुलाखतीत मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले की माझ्या गावाने मला उशिरा का होईना, ओळखलं. ते वाक्य आता आठवलं की मी खोलीत एकटी असतानासुद्धा तोंड लपवते.

मग मी गावात कार्यक्रम ठरवला. वाचनालयावरची छोटी खोली मिळत होती आणि नगरपालिकेचा मोठा हॉल मिळत होता. तू म्हणालास, छोटी खोली घे, तिथे आवाज भरून राहतो. दोन दिवसांनी पुन्हा म्हणालास. मग आत्याकडून म्हणवलंस. शेवटी मी फोनवर तुला तोडून बोलले की बाबा, तुला यातलं काय कळतं, माझे आकडे मला माहीत आहेत. तू म्हणालास, बरं. फक्त बरं. तेव्हा तुझ्या घशाशी काय आलं असेल आणि तू ते कसं गिळलं असशील, याचा विचार आता रोज करते.

कार्यक्रमाच्या दिवशी तू इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होतास. हॉलमध्ये आत्या, आत्याच्या मैत्रिणी, तुझ्या समोरच्या दुकानातला चष्मेवाला आणि बाहेर उकडतंय म्हणून पंख्याखाली येऊन बसलेलं एक जोडपं. तू प्रत्येकाला सांगत होतास, पुढे या, पुढे जागा आहे. बाबा, तिथे जागेशिवाय होतं काय? दर गाण्याला तू मागे वळून दाराकडे बघायचास आणि मग माझ्याकडे बघून जोरात टाळ्या वाजवायचास. रिकाम्या हॉलमध्ये एका माणसाची टाळी फार मोठी वाजते. शेवटचं गाणं ‘दिव्याखाली’ असणार हे पोस्टरवरच लिहिलेलं होतं. ते आलं नाही. मी आभार मानले, गिटार खाली ठेवली आणि आत निघून गेले. ड्रमर काठ्या हातात धरून बघत राहिला. तू टाळीसाठी वर धरलेले हात हळूहळू मांडीवर ठेवलेस. ते मी पडद्याआडून पाहिलं.

थकले होते म्हणून गायले नाही, असं मी त्या दिवशी आत्याला सांगितलं. ते खोटं होतं, आणि तुला ते कळलं होतं. खरं काय ते असं. दुपारी आवाज तपासताना माझ्या गिटारची वायर खरखरायला लागली. म्हटलं, बाबा एका मिनिटात जोडून देईल, म्हणून दुकानावर आले. तू तेव्हा हॉलवर खुर्च्या पुसायला गेला होतास, हे मला नंतर कळलं. शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत शिरले. दुरुस्तीला दिलेले आणि कुणी परत न्यायला न आलेले फोन तू ज्या फळीवर ठेवतोस, ती सगळी फळी उजळलेली होती. फुटक्या काचांचे, पाठीमागचं झाकण गेलेले, दोरीने बांधलेले, सगळे चार्जरला लावलेले. प्रत्येकावर माझा चेहरा. कुठे गाणं सुरू होत होतं, कुठे संपत आलं होतं, आणि आवाज इतका बारीक की कान लावल्याशिवाय काही कळत नव्हतं. माझं गाव त्या फळीवर मांडून ठेवलेलं होतं.

राग आला, खोटं कशाला बोलू. तुझा आला, त्याहून जास्त माझा आला. पण राग लवकर ओसरला आणि मग जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. वर्षभर मी ज्यांच्या जिवावर मान ताठ करून हिंडले, ते श्रोते टाकून दिलेले फोन होते. आणि ते रोज सकाळी एकेक करून लावायला, अडकले की पुन्हा सुरू करायला, माझा बाप गिऱ्हाइकांच्या नजरा चुकवून उभा राहत होता. मला वाटलं, मी इतकी बापुडवाणी दिसत असेन का तुला? त्या घालमेलीत मी स्टेजवर उभी राहिले. ‘दिव्याखाली’ची पाळी आली तेव्हा वाटलं, हे गाणं आता मी कोणत्या तोंडाने गाऊ. फळीवरचे ते चेहरे डोळ्यांसमोर आले आणि मी पळ काढला. ज्याच्यावर ते गाणं लिहिलं तो समोर बसला होता आणि मी त्यालाच ते दिलं नाही. बाकी सगळ्याची लाज एका पारड्यात आणि याची एका पारड्यात.

पुढचं तुला माहीतच आहे. ॲपवाल्यांनी निरोप पाठवला की या गाण्याचे आकडे खरे वाटत नाहीत, म्हणून ते काढून टाकत आहोत. मी भांडले नाही. काय भांडणार, त्यांचं बरोबर होतं. ड्रमरला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, माझ्या बापाने माझं वाजवणं अर्धं मिनिटही ऐकलेलं नाही. तुझ्या फळीवरच्या फोनवरून गाणं एकाएकी नाहीसं झालं असेल तेव्हा तुला काय वाटलं असेल, ते मला आत्याच्या आवाजावरून समजतंय. पोरीला वर चढवायला गेलो आणि हातातलं होतं तेही घालवलं, असंच ना? म्हणून फोन उचलत नाहीस. मला तोंड दाखवायला तुला लाज वाटते आणि तुला तोंड दाखवायला मला, असं आपलं चाललंय. दोघंही एकाच घरातले, दुसरं काय.

काल पार्सल आलं. त्यात माझी वायर होती. त्या दुपारी गडबडीत ती मी तुझ्या टेबलावरच विसरले, संध्याकाळी हॉलवाल्याच्या वायरवर भागवलं, आणि माझी कुठे राहिली हे मला पार्सल उघडेपर्यंत आठवलंही नव्हतं. म्हणजे रात्री दुकान बंद करायला गेलास तेव्हाच तुला कळलं होतं की मी येऊन गेले, काय बघून गेले आणि ते गाणं का गायले नाही. तू ती वायर जोडलीस, वर छान नळी चढवलीस आणि पाठवून दिलीस. सोबत चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. जगाचे आवाज दुरुस्त करायचे आणि स्वतः गप्प बसायचं, हे मी गाण्यात लिहिलं होतं, पण तू ते इतकं मनावर घ्यावंस असं नाही.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. माफी मागायची होतीच, ती वरच्या ओळींतून मागून झाली, आणि तुलाही माफ केलं, त्याचा हिशोब संपला. पण वायर हातात घेतल्यावर मला तुझं टेबल पुन्हा दिसलं. दिव्याखाली, भिंगाच्या शेजारी, तुझा स्वतःचा फोन होता, त्याला इयरफोन लावलेला. त्यावरही ‘दिव्याखाली’ होतं, पण तो एकटाच फोन थांबलेला होता. फळीवरचे सगळे चालू ठेवून गेलास आणि हा मात्र बंद करून गेलास, खुर्च्या पुसून आल्यावर पुढचं ऐकायला. नुसता आकडा वाढवायचा असता तर कुणी थांबवून जात नाही, बाबा. थांबवलं होतंस ते बरोबर त्या जागेच्या किंचित आधी, जिथे माझा आवाज फाटतो. त्या दिवशी मला फळीच दिसली आणि टेबल दिसूनही दिसलं नाही, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ते गाणं आता कुठेच नाही, तेव्हा तुझ्या फोनवर ते तिथून पुढे कधीच जाणार नाही. म्हणून रविवारी मी येते आहे, गिटार आणि तू जोडलेली वायर घेऊन. हॉल नको, पोस्टर नको, आत्याच्या मैत्रिणींना सांगायचं तर सांग. शटर पूर्ण वर ठेव आणि तुझ्या स्टुलावर बस. तू जिथे थांबवलं होतंस, तिथून पुढचं मी गाऊन दाखवीन. आवाज त्या जागी फाटेल, नेहमीपेक्षा जास्तच फाटेल. दुरुस्त करून घे म्हणू नकोस.

तुझीच,
भोंगा