मावशीने गाऊन धुतला

प्रिय आई,

आधी नमस्कार, मग भांडण. कामावर जाणाऱ्या बाईला पोर अंगावर पाजणं झेपत नाही, म्हणून रविवारी तू नातीला तुझ्याकडे न्यायला येणार, असा निरोप मिळाला. अगं, तुझ्या नातीने काय बाळसं धरलंय! थोडा वेळ कडेवर घेतली तरी हात भरून येतात. आणि आवाज म्हणशील तर थेट माझ्यावर गेलीय. तू मला भोंगा म्हणायचीस, आता घरात दोन भोंगे झालेत.

सकाळी निघण्याआधी मी तिला पाजते आणि दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं तसं थोडं अंगावरचं दूध पाण्यात उकळून घेतलेल्या वाटीत काढून झाकून ठेवते. शेजारची मावशी घरी बसून शर्टांना गुंड्या लावते, ती ते चमच्याने पाजते. दुपारच्या सुट्टीत मी कारखान्यातून धावत येते. माझा डबा राहतो, पण पोरीचा नाही. पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी चमच्याला तोंडच लावलं नाही. मग मावशीने माझा रात्री घातलेला जुना गाऊन मागून घेतला, साडीवरूनच चढवला आणि हिला मांडीवर घेतलं. माझा वास आला आणि स्वारी गटागट प्यायली! मावशी माझ्या दुप्पट, गाऊन बगलेत उसवला, पण काम फत्ते झालं.

परवा मात्र गंमतच झाली. गाऊन फार कळकट दिसतो म्हणून मावशीने मायेने, चांगला साबण लावून धुतला. झालं! पोरीने आकाशपाताळ एक केलं. मी दुपारी आले तर दोघीही रडतायत, आधी कोणाला जवळ घ्यावं तेच कळेना. आता गाऊन मी रोज घालून झोपते, सकाळी मावशीला देते आणि साबण लपवून ठेवते.

तेव्हाच आत्याने सांगितलेलं आठवलं. मी एवढीशी असताना मला तिच्याकडे सोडून तू कामावर जायचीस आणि पान्हा दाटला की कारखान्याच्या मोरीत पिळून टाकायचीस, डोळे पुसून परत मशीनपुढे उभी राहायचीस. तुला कोणी वाटी-चमचा दाखवला नाही, त्यात तुझी काय चूक? डब्याच्या दुधावर मी ठणठणीत वाढलेच की. हे सांगायचं होतं म्हणून लिहायला बसले. रविवारी ये, पण नातीला न्यायला नको, राहायला ये. चमचा तू धर, मावशीलाही जरा उसंत मिळेल. आणि परत जाशील तेव्हा तुझा अंगावरचा गाऊन न धुता इथेच ठेवून जा. नातीसाठी नाही गं, माझ्यासाठी.

तुझीच,
थोरला भोंगा