लवीनाचा बीजगणिताचा पेपर

मस्कत, १२ नोव्हेंबर १९९८

प्रिय हिल्डा,

देवाच्या दयेने मी बरा आहे, खोकलाही थांबला. आईचा गुडघा कसा आहे?

लवीनाचा सहामाहीचा पेपर मिळाला. मी तो दोनदा सोडवून पाहिला. तिची सातही उत्तरं बरोबर आहेत. पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून बाईंनी गुण कापलेत.

मनातल्या मनात सोडवायची ती रीत मीच तिला पत्रांतून शिकवली. मी वर्कशॉपमध्ये आपला आपण शिकलो, मला कुणी पायऱ्या विचारल्या नाहीत. माझी रीत चुकीची नाही, पण मार्चमध्ये दहावीला तिला बसायचंय. बाई सांगतात तसंच सोडव म्हणावं.

“पप्पांना पेपर पाठवू नकोस,” असं ती म्हणाली, तू लिहितेस. रागावून म्हणाली की रडत, तेवढं कळव.

तुम्हा सगळ्यांचा,
दुमिंग