पडद्याआडचं शुद्धलेखन

प्रिय मास्तर,

काल सुचेता घरी येऊन गेली. हो, तीच! पुण्याहून रोहण्याला, एकटी. फाटकातून आत घेताना मी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं. म्हणून आज लिहायला बसले. काही गोष्टी तुम्हालाच विचारायच्या राहून गेल्यात.

निवृत्त झालात आणि दर रविवारी वर्ध्याला जायला लागलात. ठाकरे सरांकडे बुद्धिबळ खेळायला म्हणे! मग एका रविवारी ठाकरे सरच गावातल्या लग्नाला आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर कुठं आहेत? किती दिवसांत दिसले नाईत!" त्या दिवसापासून मी तुमच्या शर्टाच्या इस्त्रीकडेही संशयानं पाहू लागले.

पुढच्या रविवारी तुमच्याच बसमध्ये चढले. पदर तोंडावर ओढून पुढे बसले. तुम्ही मागे पेपरात डोकं घालून. स्टँडमागच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत शिरलात. तिथं पोरंपोरी पडदे ओढून बसतात, हे कोणाला ठाऊक नव्हतं? मी जाऊन सरळ पडदा बाजूला केला.

"शालू! तू इथं काऊन?"

"हे मी तुमाले विचारून राह्यली!"

आत दुसरं कोणी नव्हतं. समोरच्या स्क्रीनवर नुसती मराठी अक्षरं. तुम्ही गडबडून सांगू लागलात. हा म्हणे कॉम्प्युटरवर लिहायचा-छापायचा, कोणालाही फुकट वापरता येणारा प्रोग्राम. तो कसा चालवायचा ते सांगणारी पानं गावोगावची माणसं मिळून मराठीत लिहितात, आणि त्यात चुकाच चुका. "हे पाह्य, 'माहीती'! 'ही' दीर्घ! मले पाहवत नाई."

"पगार?"

"नाई."

"मंग फायदा कोणाचा?"

"वाचणाऱ्याचा."

कसा विश्वास ठेवायचा? तेवढ्यात कोपऱ्यात नाव दिसलं, सुचेता. "हे कोण?"

"मी दुरुस्त्या पाठवतो, हे बाई त्या तपासून आत टाकते. पाह्यली नाई कधी. शप्पथ."

"मंग घरी काऊन नाई सांगतलं?"

तुम्ही कीबोर्डकडे पाहत म्हणालात, "शाळा सुटली तरी याचा लाल पेन सुटत नाई, म्हणून हसली असतीस."

मास्तर, याचा राग अजून आहे. हसले असते तर काय बिघडलं असतं?

मग दर रविवारी मी सोबत येऊ लागले. पहारा म्हणूनच! शेजारी बसून वाचायचे. एकदा तुम्हाला अडवलं. "'मिटवा' म्हणजे डोळे मिटतो तसं बंद करायचं, का पाटी पुसतो तसं पुसायचं?"

"पुसायचं."

"मंग 'पुसून टाका' लिहा नं. बंद करतो म्हणून कोणी दाबलं तं दिवसभराचं काम जाईल त्याचं."

"हे शुद्धलेखनात येत नाई, शालू."

"न येवो!"

कुरकुरत का होईना, पाठवलंत. पुढच्या रविवारी उत्तर आलं होतं, 'काकूंचं म्हणणं पटलं, बदल केला.' काकू? मी तिला कशी माहीत? आणखी काय काय कळवलं होतं तिला? त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी तुम्हाला सोडून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

हिवाळ्यात सेवाग्रामच्या दवाखान्यात तुम्ही मला कायमचे सोडून गेलात. मी तिला कळवलं नाही. कशाला कळवू? मेलची उत्तरं येईनात तेव्हा तिनंच शोध घेतला आणि काल आली. आपल्या थोरलीच्या वयाची आहे. पाणी प्यायली, तुमच्या फोटोकडे पाहिलं आणि रडायला लागली. न पाहिलेल्या माणसासाठी कोणी असं रडतं? मी सरळच विचारलं, "बाई, खरं सांगजो. तुले यात काय मिळते?"

डोळे पुसत म्हणाली, "काकू, सर प्रत्येक मेलमध्ये आधी चुका दाखवायचे आणि शेवटी विचारायचे, जेवलीस का? मला तसं विचारणारं दुसरं कोणी नाही."

वा मास्तर! आणि मला? इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलंत, शालू, जेवलीस का?

भरल्या डोळ्यांनी मी तिला पिठलं-भाकर वाढली. दोघींनी मिळून खाल्लं. निघताना म्हणाली, छपाई कशी करायची ते सांगणारी पानं सरांची अर्धी तपासायची राहिलीत, तुम्ही पाहाल का? तेव्हा मी हो म्हटलं नाही.

तुम्हाला म्हणते. पाहीन. ऱ्हस्व-दीर्घ तुमच्यासारखं जमणार नाही, पण वाचणारा कुठे फसणार नाही एवढं नक्की बघेन. आणि त्या सुचेतावर माझं लक्ष राहील. इतकी वाळलेली, एकटी राहणारी पोर; सांगितलं त्याहून जास्त तिनं लपवलं आहे. ते मी काढून घेईनच.

तुमचीच,
शालू